गुशान टेकडीखाली शिक्के कोरताना : पाहुण्यांसोबतचे तिसरे वर्ष

हांगझोऊमध्ये राहायला आल्यापासून चिनी मुद्राकोरीव कामाचा, म्हणजे झुआनकेचा, नाद लागला आणि दरवर्षी त्याची एक नोंद लिहून ठेवण्याची सवयही लागली. यंदाची नोंद माझ्या स्वतःच्या कामापेक्षा पाहुण्यांविषयी अधिक आहे. भारतातून आमच्याकडे येणारे नातेवाईक, त्यांचे स्नेही आणि कामानिमित्त या शहरात उतरणारे मराठी प्रवासी यांना ही कला एका दिवसात कशी दाखवावी, हा प्रश्न मला तीन वर्षे पडलेला आहे. यंदा त्याचे उत्तर बरेचसे हाती आले, असे मला वाटते.

पहिली दोन वर्षे मी सकाळी पाहुण्यांना पश्चिम सरोवराच्या काठाने गुशान टेकडीवर नेत असे आणि दुपारी घरी परतल्यावर त्यांच्या हाती दगड देत असे. हा क्रम वरवर पाहता योग्यच होता, कारण मुद्राकोरणाऱ्यांचे तीर्थक्षेत्र म्हणावे असे ठिकाण याच टेकडीवर आहे. डिंग रेन, वांग ती, वू यिन आणि ये मिंग या चौघांनी १९०४ मध्ये येथे शीलिंग मुद्रा-संस्था सुरू केली; जवळच्या शीलिंग पुलावरून तिला नाव मिळाले आणि १९१३ मध्ये चित्रकार व मुद्राकार वू चांगशुओ तिचे पहिले अध्यक्ष झाले. इ. स. ५२ मधील एक शिलालेख परदेशी विकला जाण्याच्या बेतात असताना संस्थेच्या मंडळींनी १९२१ मध्ये वर्गणी गोळा करून तो सोडवून आणला आणि टेकडीवर त्याच्यासाठी दगडी खोली बांधली, ही हकिकत मी फार उत्साहाने सांगत असे. पाहुणे मनापासून ऐकत. पण शेजारच्या मुद्रासंग्रहालयात एकामागून एक चौकोनी लाल ठसे पाहताना त्यांचे डोळे थकत, आणि दुपारी कोरायला बसण्याची वेळ येई तेव्हा पायही थकलेले असत.

या वर्षी मी क्रम उलटा केला : आधी हातात दगड, मग टेकडी.

सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी प्रत्येकाला अडीच सेंटिमीटर चौरस तोंडाचा चिंगत्येनचा दगड देते. हा दगड आमच्याच झेजियांग प्रांतात मिळतो. तो पुरेसा मऊ असून सपाट टोकाच्या पोलादी कोरणीखाली सहसा ढलपे न निघता एकसारखा कापला जातो. सोळाव्या शतकात मुद्राकार वेन पेंग यांनी याच जातीच्या दगडावर कोरायला सुरुवात केली. त्यापूर्वी अक्षरे विद्वानाने काढायची आणि धातूवर किंवा हस्तिदंतावर कोरायची कारागिराने, अशी बहुतेक विभागणी होती; मऊ दगडामुळे लिहिणारा आणि कोरणारा हात एक झाला. एवढी एकच गोष्ट मी आरंभी सांगते, कारण पाहुणा पुढच्या तासाभरात जे करणार आहे त्याचे मूळ तीत आहे. स्वस्त मिळाले म्हणून मागच्या वर्षी एका दुकानातून घेतलेले दगड प्रत्यक्षात भुकटी आणि राळ यांचे मिश्रण निघाले. त्यांवर कोरणी घसरते आणि नवशिक्याला वाटते की आपल्याच हाताला वळण नाही. म्हणून दगडाच्या बाबतीत काटकसर करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

काचेवर पॉलिश पेपर ठेवून दगडाचे तोंड सपाट करण्यात पंधरा मिनिटे जातात. त्यानंतर येते अक्षराची निवड, आणि येथेच माझी पूर्वी चूक होत असे. पाहुण्याचे संपूर्ण नाव चिनी अक्षरांत बसवण्याच्या हौसेने मी त्यांना तीन-चार अवघड अक्षरे देत असे. ती दगडावर आरशातल्यासारखी उलटी काढायची असतात. एखादी रेघ चुकून सुलटी राहिली की ठसा उमटेपर्यंत ते कळत नाही, आणि मग होणारी निराशा पाहवत नाही. आता पहिल्या दगडासाठी मी फक्त दोन्ही बाजूंनी सारखी असणारी अक्षरे ठेवली आहेत : पर्वतासाठी 'शान', झाडासाठी 'मू', आणि दोन झाडे शेजारी उभी करून झालेले वनासाठीचे 'लिन'. प्राचीन मुद्रालिपीत 'मू' म्हणजे वर उचललेल्या फांद्या आणि खाली पसरलेली मुळे. चिनीचा गंध नसलेल्या माणसालाही ते झाड दिसते, आणि उलटे-सुलटेपणाचा प्रश्नच उरत नाही.

कोरण्याच्या दोन रीतींपैकी चोंगदाओ म्हणजे कोरणी एका दमात पुढे रेटणे आणि चिएदाओ म्हणजे तिचे टोक थोडे थोडे दाबत रेघ तुकड्या-तुकड्यांनी पुरी करणे. पाहुण्यांना मी दुसरी शिकवते. अठराव्या शतकात हांगझोऊच्याच डिंग जिंग यांच्यापासून सुरू झालेल्या मुद्राकोरणाच्या झे परंपरेची ती खूण आहे, हे कारण मला प्रिय आहेच; शिवाय तीत कोरणी बोटांवर घसरण्याचा धोका कमी असतो. अक्षर लाल आणि पार्श्वभूमी पांढरी हवी असेल, तर अक्षराभोवतीचा सगळा दगड काढावा लागतो. म्हणून आरंभ अक्षरच खोदण्यापासून, म्हणजे पांढऱ्या अक्षराच्या ठशापासून करावा.

ठशाची लाली पाहुण्यांना सर्वांत जवळची वाटते. तीत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे लाल खनिज, असतो, एरंडेल असते, आणि दवण्याच्याच कुळातील एका वनस्पतीच्या पानांची लव असते. पारंपरिक लालीमुळे हाताला हिंगूळ लागतो, तेव्हा काम संपल्यावर हात स्वच्छ धुवायला लावावेत आणि लहान मुलांना डबी देऊ नये. कचेरीतला रबरी शिक्का दाणकन आपटायची सवय असलेल्यांना येथे हात आवरावा लागतो : दगडाला लाली हलकेच टिपत लावायची, कागदाखाली दहा-बारा कागदांची घडी ठेवायची आणि सावकाश, चारही कोपऱ्यांवर सारखा भार देत दाबायचे. कागद उचलला जातो त्या क्षणी टेबलाभोवती जी शांतता पसरते, तिच्यासाठीच मी हा सारा खटाटोप करते.

दुपारी टेकडीवर गेलेली हीच माणसे संग्रहालयातल्या काचेपुढून हलत नाहीत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान काळातील पांढऱ्या अक्षरांचे ठसे पाहताना रेघा इतक्या भरून कशा बसवल्या, येथे कोरणी कोणत्या बाजूने आली असेल, असे प्रश्न ती आपण होऊन विचारतात. पुण्याहून आलेले, मोडी कागदपत्रे वाचणारे एक काका बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, आपल्याकडे पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' असं मोर्तब. मजकूर इथे संपला, पुढे कुणी काही घुसडायचं नाही. यांचंही तसंच का?" काही अंशी तसेच, असे मी त्यांना सांगितले. चीनच्या पहिल्या, म्हणजे छिन सम्राटाच्या काळापासून 'शी' हा शब्द फक्त सम्राटाच्या मुद्रेसाठी राखला गेला आणि इतरांच्या मुद्रेला 'यिन' म्हटले जाऊ लागले, म्हणजे अधिकाराचा अर्थ येथेही जुनाच आहे. पण पुढे चित्रकार चित्रावर, संग्राहक आपल्या संग्रहातल्या चित्रावर, आणि छियानलोंगसारखा सम्राट तर आवडत्या चित्रांवर पुन्हा पुन्हा शिक्के उमटवू लागले. मजकुराची मर्यादा सांगण्याऐवजी मुद्रा चित्राचाच भाग झाली. शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो. त्या दिवशी काकांमुळे मी तो प्रथमच नीट ऐकला.

त्यांच्याच सुचवण्यावरून मी देवनागरी नावे कोरून पाहिली. 'कमल' या नावात शिरोरेषेच्या वर काहीच येत नसल्याने लाल अक्षरांच्या ठशात शिरोरेषा हीच चौकटीची वरची कड करता आली, आणि तिन्ही अक्षरे तिला टांगल्यासारखी छान बसली. 'मीरा' मात्र तिसऱ्या प्रयत्नातही साधलेले नाही. वेलांटी चौकटीबाहेर डोकावते. ती आत घेतली तर शिरोरेषा खाली सरकते आणि वर रिकामी पट्टी राहते. ती पट्टी वेलांटीच्या वळणाने पूर्ण भरून काढण्याचा आराखडा सध्या कागदावर आहे. कोणी देवनागरीत कोरले असल्यास, वरच्या मात्रांची सोय कशी लावली ते जरूर कळवावे.

दगडाच्या बाजूवर कोरणाऱ्याचे नाव आणि तारीख खोदण्याची रीत, बिआनक्वान, मी अजून पाहुण्यांना शिकवलेली नाही, कारण माझाच हात तीत कच्चा आहे. शाई-ब्रश न वापरता थेट कोरणीने लिहायचे असते आणि प्रत्येक फटकाऱ्याला एकच घाव मिळतो. दिवाळीत नागपूरची पाच मंडळी यायची आहेत. तोवर रोज संध्याकाळी एका वाया गेलेल्या दगडाच्या चारही बाजू भरायच्या, असे ठरवले आहे. आज दुसरी बाजू पुरी झाली.