अंगारकीच्या सकाळी ५८

दादर पश्चिमेला एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही मधुमेहींसाठी व्यायामवर्ग चालवतो. मी फिजिओथेरपिस्ट. येणारे बहुतेक साठीच्या पुढचे, आणि जवळपास सगळ्यांना व्यायाम एकाच शब्दात सांगितलेला असतो: 'चाला.' कधी चालायचं, किती, कुठली गोळी घेऊन, पायात काय घालून, हे विचारायचं पेशंटला सुचत नाही आणि ओपीडीच्या गर्दीत सांगायला कुणाला सवड नसते.

त्या मंगळवारी अंगारकी होती. कुर्ल्याच्या आमच्या एक काकू रात्री मैत्रिणींबरोबर अनवाणी सिद्धिविनायकाला गेल्या, पहाटे दर्शन घेतलं आणि प्रभादेवीहून थेट वर्गाला आल्या. एरवी सगळ्यांना हसवणारी बाई. खुर्चीवरून उठाबशीचा व्यायाम चालू होता. दहा झाले म्हणून थांबवलं, तर माझ्यावरच उखडल्या. "आठच झालेत! मोजता येत नाही का तुम्हाला?" शेजारचे काका म्हणाले, "जागरणाने पित्त चढलंय, दुसरं काही नाही."

मला मात्र त्यांचा वरचा ओठ दिसत होता. पंख्याखाली बसूनही त्यावर घामाचे बारीक थेंब, आणि मानेपाशी ब्लाऊज ओला. हात थरथरत नव्हते. छातीत धडधडतंय का विचारलं, तर नाही म्हणाल्या. बीपीसाठी त्या मेटोप्रोलॉल घेतात. ते धडधड आणि थरथर झाकून टाकतं, घाम मात्र सहसा झाकला जात नाही. बोटाला सुई टोचली. ग्लुकोमीटरवर ५८.

साखर ७० च्या खाली गेली की पित्त वगैरे वाद बाजूला ठेवायचे. लगेच १५ ग्रॅम साखर पोटात, म्हणजे साधारण तीन चमचे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. मी पाण्यात साखर ढवळायला घेतली, तर काकूंनी मान फिरवली. चंद्रोदयापर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, असा त्यांचा नेम. साखर उपासाला चालते, असं चारजणींनी सांगून पाहिलं. उपयोग शून्य. मग एका आजींनी प्रसादाचा पेढा पुढे केला. प्रसादाला त्या नाही म्हणेनात! पण पेढ्यात खव्याचं स्निग्ध, त्याने साखर रक्तात सावकाश उतरते; चॉकलेटचंही तसंच. आजींच्याच पिशवीत खडीसाखरेची पुडी निघाली. ती कुटून कोमट पाण्यात विरघळवली, "हाही प्रसादच" म्हटलं, आणि काकू घटाघट प्यायल्या. आजींचे मी अजून आभार मानते.

पंधरा मिनिटांनी ७६. मग केळं आणि दूध. तोवर चेहरा निवळला होता. "मी काही बोलले का हो तुम्हाला?" त्यांना खरंच आठवत नव्हतं.

झालं होतं असं. रात्रीचं जेवण जेमतेम, त्यावर कुर्ला ते प्रभादेवी पायपीट, सकाळी रिकाम्या पोटी घोटभर पाण्याबरोबर मधुमेहाची गोळी, ग्लिमेपिराइड. चालणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनवाचूनही ओढून घेतो, आणि ही ओढ व्यायाम थांबल्यावर, कधीकधी दुसऱ्या दिवसापर्यंत, चालू राहते. त्यात ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, हे ती बघत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर, म्हणजे इन्सुलिन सोडायला न लावणाऱ्या गोळीवर, असत्या, तर बहुधा एवढी वेळ आली नसती. गोळीचा असर दिवसभर राहतो, तेव्हा साखर पुन्हा घसरू शकते. म्हणून मुलाला बोलावून घेतलं, त्यांना एकटीला लोकलने जाऊ दिलं नाही, आणि डॉक्टरांना फोन लावला.

मुलगा येईपर्यंत म्हटलं, पाय बघू. डाव्या अंगठ्याखाली तळव्यावर रुपयाएवढा फोड, फुटून कडेची कातडी लोंबलेली. "दुखत नाही?" "कुठं काय?" नायलॉनचा तपासणीचा धागा टेकवला, दोन्ही अंगठ्यांना कळलाच नाही. मला ५८ पेक्षा या फोडाची जास्त धास्ती वाटली. साखर पंधरा मिनिटांत वर येते. बधिर पायाची जखम चिघळली की महिनोन्महिने भरत नाही.

आता वर्ग सुरू करण्याआधी आम्ही चपला-बूट काढायला लावतो, आणि काय खाल्लं, कुठली गोळी घेतली ते विचारतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल आणि साखर ९० च्या खाली असेल, तर आधी खाणं, मग व्यायाम. २५० च्या वर असून मळमळ किंवा उलट्या असतील, तर त्या दिवशी व्यायाम नाही, थेट डॉक्टर. डोळ्यांच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या वाढलेल्यांना वजन उचलणं आणि डोकं खाली करून वाकणं बंद. काही काका कुरकुरतात, शाळा भरल्यासारखं वाटतं म्हणतात. वाटू दे.

काकूंच्या डॉक्टरांनी उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते लिहून दिलंय, आणि ते त्या पाळतातही. अनवाणी चालण्यावर मात्र आमची बोलणी अजून चालू आहेत. देवळाच्या दारापर्यंत बूट आणि आत अनवाणी, इथवर मी उतरले आहे. त्या म्हणतात, दादरपर्यंत बूट, पुढे बाप्पा बघेल.