कॅटलिनाची उघडी खिडकी

कॅटलिना विमानाचं मॉडेल अर्धवट झालं होतं. राखाडी प्लास्टिक, सांध्यांवर पुट्टीचे पांढरे पट्टे, पंख नुसता वर टेकवून ठेवलेला. मामा डोळे दाखवायला धुळ्याला आले होते. त्यांनी मॉडेल हातात न घेता, टेबलाभोवती फिरून बघितलं आणि विचारलं, "मानूस मजार कथाईन लेतस?"

माणूस आत कुठून घेतात? मी शेपटीच्या अलीकडच्या, बाजूला फुगलेल्या काचेवर बोट ठेवलं. "इथून."

"मंग हाई बंद काबरं शे?"

मामा तापीकाठचे. तरुणपणी नाव चालवायचे, पुरात अडकलेली माणसं काढायचे. बुडणाऱ्याला नावेच्या कडेवरून एकदम ओढला तर नाव कलंडते, त्याला मागच्या बाजूने घ्यायचा, काखेत हात घालून घ्यायचा, हे मी लहानपणी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. त्यांच्या नजरेला बचावाच्या विमानात पहिली गोष्ट ती खिडकी दिसली. आणि मी ती चिकटवून टाकली होती.

विमान म्हणजे पीबीवाय कॅटलिना, १:७२ चं किट, म्हणजे सुटे भाग जोडून करायचं, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं. कॅटलिना ही फ्लाइंग बोट, म्हणजे पोटच बोटीचं असलेलं विमान. पहिलं उड्डाण १९३५ सालचं. खऱ्या विमानाच्या पंखाचा पसारा १०४ फूट, माझ्याकडे तो ४४ सेंटीमीटर भरतो. पंखाच्या टोकाचे, पाण्यावर तोल सांभाळणारे तरंगे वर उचलले की तेच पंखाचं टोक होतात, ही रचना मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात ही विमानं पाणबुड्या शोधत फिरली आणि समुद्रात पडलेल्यांना उचलत फिरली. आपल्याकडे मद्रासजवळच्या रेड हिल्स तलावावरही ब्रिटिशांची कॅटलिना विमानं होती.

सुरुवात एप्रिलमध्ये केली. भाग भांड्यांच्या साबणाने धुऊन घेतले, कारण साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. पोटाचे दोन अर्धे भाग जोडण्याआधी नाकात वजन भरायचं होतं. माझं किट चाकांवर उभं राहणाऱ्या प्रकारचं आहे आणि या विमानाची शेपूट जड पडते. दोन्ही भाग चिकटपट्टीने बांधले, चाकांच्या जागी पेन्सिल आडवी ठेवली आणि नाक खाली झुकेपर्यंत शिशाचे तुकडे घालत गेलो. ते तुकडे आग्रा रोडवरच्या टायरवाल्याकडचे, चाक बॅलन्स करताना लावतात ते. ४५ ग्रॅम लागले. मी ५५ भरले, कारण पुढे रंग, पुट्टी सगळं मागेच चढतं.

सांधे घासणं कंटाळवाणं काम आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पॉलिश पेपर ४००, मग ८००, मग १२००, पाणी लावून.

चूक झाली ती काचेपाशी. घाईत मी दोन्ही फुगवटे झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवले. त्या गोंदाची वाफ आत कोंडली आणि डाव्या काचेवर आतून पांढरट धूर धरला, दुधाच्या सायीसारखा. पारदर्शक भागाला साधा फेविकॉल लावायचा, तो सुकल्यावर दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. तरीही केलं. आठवडाभर त्या धुरकट काचेकडे बघवत नव्हतं, म्हणून मी इतर कामं काढत बसलो. मामांनी विचारलं ते नेमकं तेव्हा.

ते गेल्यावर त्याच रात्री डावी काच ब्लेडने उकलली.

किटमधली काच जाड होती. तिचा उघडा भाग कापायला गेलो तर ती तडकली. मग नवीन काच करायची ठरवली. सागाच्या तुकड्यातून फुगवट्याच्या आकाराचा साचा कोरला, काचेच्या जाडीइतका लहान, आणि आरशासारखा गुळगुळीत होईपर्यंत घासला, कारण लाकडाची प्रत्येक रेघ काचेत उतरते. मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण कापलं, त्याच्या दोन कडा कपड्यांच्या चिमट्यांत धरल्या आणि मेणबत्तीच्या बराच वर, हात न थांबवता फिरवत राहिलो. झाकण आधी आक्रसतं, मग एकदम ढिलं पडून मधोमध लोंबतं. तो क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो. तेवढ्यात साच्यावर दाबून खाली ओढायचं. पहिलं जळालं, दुसऱ्याला सुरकुती पडली, तिसऱ्यात बुडबुडे आले. सातवं उतरलं, पाण्याच्या थेंबासारखं. ते नखकात्रीने कापलं, वरचा भाग उघडा ठेवला आणि फेविकॉलने बसवलं. आतली जमीन, दोन्ही बाजूंच्या फासळ्या आता स्पष्ट दिसू लागल्या, म्हणून त्या पुन्हा रंगवाव्या लागल्या.

बाहेरचा रंग मे महिन्यात देऊ नये, निदान धुळ्यात तरी. पारा ४३ वर असताना एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनातून, निघालेला रंग मॉडेलवर पोचेपर्यंत हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. मी पहाटे पाचला उठून, रंगात सुकणं लांबवणारं द्रावण घालून, पातळ हात दिले. ऊन चढायच्या आत आवरायचं.

पंख बसवताना दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीच्या पुस्तकांच्या थप्प्या लावल्या आणि रात्रभर हात लावला नाही.

पावसाळा लागल्यावर मामा पुन्हा आले. या वेळी मी त्यांना अमेरिकी नौदलाचे वैमानिक लेफ्टनंट एड्रियन मार्क्स यांची हकीकत सांगितली. ३० जुलै १९४५ ला जपानी पाणबुडीने अमेरिकेची 'इंडियानापोलिस' ही युद्धनौका बुडवली. माणसं चार दिवस पाण्यात होती, शार्क होते. २ ऑगस्टला मार्क्सनी उघड्या समुद्रात उतरायला मनाई असतानाही, उंच लाटांत आपलं कॅटलिना उतरवलं. ५६ जणांना उचललं. आत जागा संपली तेव्हा उरलेल्यांना पंखावर चढवून पॅराशूटच्या दोरीने बांधलं. विमान पुन्हा उडण्याजोगं राहिलं नाही. सगळे जहाजावर गेल्यावर ते तोफा डागून बुडवलं.

"छप्पन?" मामा म्हणाले. त्यांनी मॉडेलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

१:७२ मध्ये माणूस अडीच सेंटीमीटरचा होतो. मी काड्यापेटी आणली. आम्ही दोघांनी काड्या तेवढ्या मापाच्या तोडल्या, मामा अहिराणीत मोजत होते. आतल्या माणसांच्या काड्या उघड्या खिडकीजवळ टेबलावर एकावर एक रचल्या, त्याचा लगेच ढीग झाला. मग पंखावर. मामा एकेक काडी पंखाच्या मागच्या कडेपासून आत, आडवी, जवळजवळ ठेवत गेले, आणि प्रत्येक काडी ठेवल्यावर ती घसरत नाही ना, हे बोटाने दाबून बघत होते.