एका सहीवाचून अडलेलं मृत्युपत्र

मृत्युपत्र लिहायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो घर स्वकष्टाचं की वडिलोपार्जित, नॉमिनी कोण, साक्षीला कोण येणार हे विचारून घेण्यात. परवा माझ्या वकिली ऑफिसात आलेल्या काकूंच्या दिवंगत यजमानांना यातलं कोणी काही विचारलंच नव्हतं.

पाचशेचा स्टॅम्पपेपर, पानोपानी सही आणि अंगठा, वर फोटो चिकटवलेला. शेवटच्या पानावर ‘साक्षीदार १’पुढे शेजाऱ्यांची सही होती, ‘साक्षीदार २’पुढे नुसती टिंबं. मी पानाची मागची बाजूसुद्धा पाहिली. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे निदान दोन साक्षीदार लागतात. स्टॅम्पपेपर मात्र लागतच नाही, साधा कागद चालतो, नोंदणीही ऐच्छिक आहे. जे लागत नव्हतं त्याला पैसे मोजले आणि जे लागत होतं तेच राहून गेलं.

“हे आधी एका वकिलांकडे गेले होते,” काकू म्हणाल्या. “फी विचारली तर ‘बघू नंतर’ म्हणाले. किती मागतील कोण जाणे, म्हणून यांनी टायपिंगवाल्याकडून करून घेतलं.”

याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांनी वकिलाला जाहिरात करता येत नाही, त्यामुळे मृत्युपत्राचं काम नीट कोण करतं हे ओळखीपाळखीतूनच कळतं. मग शोधत दारात आलेल्या माणसाला आकडा तरी सांगा! मसुद्याचे किती, नोंदणीला सोबत येण्याचे किती, हे लिहून द्यायला कुठला नियम आड येतो?

मृत्युपत्र टिकत नाही, म्हणून आता हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे फ्लॅटचे तीन सारखे हिस्से होणार, काकू, मुलगा आणि मुलगी. यजमानांना सगळं काकूंना द्यायचं होतं. मुलगी हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, करून द्यायला तयार आहे. मुलगा “विचार करतो” म्हणालाय.

सोबतचा भाचा म्हणाला, “मॅडम, आत्ता फी नको, फ्लॅट मामीच्या नावावर झाला की त्यातून टक्का घ्या.” वकिलाला असा टक्का घ्यायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. ज्याचा टक्का अडकलाय, त्याला दावा लावायची घाई होणार. इथे मुलाशी शांतपणे बोलायची गरज आहे.

मुलाला पाठवायचं पत्र, हक्कसोडपत्र आणि नोंदणी यांची फी मी काकूंना लिहून दिली, दावा लागलाच तर त्याची वेगळी. काकूंनी कागद वाचला आणि विचारलं, “त्याने हक्क नाहीच सोडला, तर मला घराबाहेर काढेल का?” सहहिस्सेदाराला असं काढता येत नाही. पण वाटपाचा दावा तो लावू शकतो, आणि फ्लॅटचे तुकडे होत नाहीत म्हणून गोष्ट विक्रीपर्यंत जाऊ शकते. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

पत्राचा मसुदा तयार आहे. वडिलांचा तो कागद कायद्याने टिकत नाही, हे त्यात लिहिलंय. त्याची प्रत सोबत जोडावी की नाही, इथे मी अडलेय. वडिलांची इच्छा त्यांच्याच सहीनिशी पाहून मुलगा विरघळेल, की आपल्याला वगळलं म्हणून दुखावेल? काकू म्हणतात, जोडा.