दोघांची शेंगाचटणी
कोरोनाच्या लॉकडाउनमुळे 25 मार्च 2020 पासून सोलापूर घरात बसलं होतं. तीस-चाळीस वर्षांच्या संसारातही नवरा-बायको दिवसभर असे समोरासमोर कधी नसतात. तेव्हा एका दुपारी शेंगाचटणी करताना वाटलं, हे काम दोघांचंच.

पाव किलो शेंगदाणे एकानं मंद आचेवर भाजायचे. आच मोठी झाली की वरून करपतात, आत कच्चे राहतात. पूर्ण गार करून सालं पाखडायची. दुसऱ्यानं 15 लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, 2 चमचे तिखट, मीठ घालून खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटायचं. मिक्सर सलग फिरवला तर लगदा होतो, थांबत थांबत फिरवा. कुटणाऱ्याला मध्येच शिकवू नका, हे मात्र नक्की पाळा. हात भरून आला दिसला की बत्ता आपण घ्यायचा.

सोबत कडक भाकरी.