चावणारा बेस

गणपतीत आमच्या दुकानात जे येतं ते सगळं 'आज संध्याकाळपर्यंत' हवं असतं. वाद्यं आणि साउंड दुरुस्तीचं दुकान पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळ, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातच, त्यामुळे पार्टसाठी लांब जावं लागत नाही. पण वेळ काही तिथे मिळत नाही. मिक्सर, ऑक्टोपॅड, कीबोर्डचे ॲडॉप्टर असा ढीग समोर पडलेला असताना ऑर्केस्ट्रात वाजवणारे एक काका बेस गिटार घेऊन आले. साठीचे असतील.

"नुसता घूं करतो रे. काल साउंडवाल्याने दुसऱ्याच गाण्याला माझा आवाजाचा फेडर खाली ओढला. उरलेला प्रोग्राम मी मुक्यानेच वाजवला."

बेस जॅझ बेसच्या धर्तीचा होता. फेंडर कंपनीने १९६० साली काढलेली ही रचना इतकी नकलली गेली आहे की आत काय असणार ते डोळे मिटून सांगता येतं. तारांची थरथर पकडणाऱ्या कॉइलचे दोन पिकअप, दोन व्हॉल्यूम, एक टोन, एक कपॅसिटर, एक जॅक सॉकेट. बॅटरी नाही की प्रीॲम्प नाही. बिघडायला फारसं काही नसतंच. म्हणूनच अशा वाद्याची तक्रार आली की मी जरा सावध होतो.

स्क्रू खोलायच्या आधी कान लावायचा, ही माझी पद्धत. बेंचवरच्या ॲम्पला खात्रीच्या केबलने लावला. प्लग हलवला की खरखर. जॅकची पत्ती सैल झाली होती, ते लगेच कळलं. सॉकेट बदलायचा, विषय संपला. घूं मात्र वेगळी होती. जॅझ बेसचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की कॉइलने पकडलेली हम एकमेकींना खाऊन टाकते. इथे दोन्ही पूर्ण उघडले तरी घूं होती तेवढीच. मग तारांवर तळवा ठेवला. चांगल्या वाद्यात तेवढ्यानेच घूं पडते. तारा अडकवलेल्या ब्रिजखालून एक वायर ग्राउंडला, म्हणजे केबलच्या जाळीला, गेलेली असते. तारा धरल्या की वाजवणाऱ्याचं अंगही ग्राउंडला जोडलं जातं. ती वायर नसेल तर आपलंच अंग अँटेना होतं, खोलीतल्या वायरिंगचे ५० हर्ट्झ गोळा करून पिकअपपाशी नेऊन सोडतं. इथे तारा धरून काडीचा फरक पडला नाही. नॉबखालच्या स्टीलच्या पट्टीला बोट लावलं, आणि घूं गप्प.

मीटर कंटिन्युइटीवर (जोड अखंड असेल तर बीप वाजतो) ठेवून एक टोक ब्रिजला लावलं, दुसरं जॅकच्या नटला. बीप नाही. जॅकवर ओहम पाहिले, साडेतीन हजारांच्या वर. म्हणजे दोन्ही कॉइल धडधाकट होत्या. आता पट्टीचे स्क्रू काढले आणि ती उलटी केली. पॉट, म्हणजे नॉबखालचे फिरते रेझिस्टर, जुने पण ठीक. टोनवर ४७३ छापलेला हिरवा कपॅसिटर, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड, बरोबर. आणि लाकडातल्या भोकातून ब्रिजकडून आलेली काळी वायर. ओढून तुटली असती तर टोकाला तांब्याचे केस पिंजारलेले दिसले असते, किंवा पॉटच्या पाठीवर सोल्डरचा फुटका डाग राहिला असता. तसं काहीच नव्हतं. वायर कटरने सरळ कापलेली होती आणि तिच्या टोकावर हीटश्रिंकची, म्हणजे तापवली की आवळणाऱ्या प्लॅस्टिक नळीची, टोपी बसवली होती. पॉटच्या पाठीवरचा जुना डागही साफ केलेला. काम इतकं स्वच्छ, की कुणीतरी विचार करूनच केलं असणार.

"काका, ही वायर कुणी कापली?"

काका जरा गडबडले. "शॉक बसायचा रे. कोरसला माइकजवळ गेलो की ओठाला असा चटका! एका ओळखीच्याने ही वायर काढून दिली. तेव्हापासून ओठाला नाही बसला." मग थोडं थांबून म्हणाले, "व्हॉल्यूम फिरवताना कधीकधी चावतो अजून."

या एका वाक्याने उलगडा झाला. वायर कापल्याने तारा ग्राउंडपासून सुटल्या होत्या, पण स्टीलची पट्टी आणि जॅकचा नट केबलच्या जाळीतून थेट ॲम्पच्या चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेलेच होते. ॲम्पच्या चासीवर जे काही येत होतं ते अजूनही बेसपर्यंत पोचत होतं, फक्त काकांची बोटं तिथे कमी वेळा जात होती. घूं सुरू झाली ती या कापाकापीने, आणि शॉकचं मूळ बेसमध्ये नव्हतंच.

"शॉक कुठेकुठे बसतो? हॉलच्या प्रोग्रामला?"

"छे. मांडवातच."

बसणारच. गणपतीपुढे वाजवायचं म्हणून स्टेजवर सगळे चपला काढून चढतात. वरून भाद्रपदाचा पाऊस, खाली भिजलेलं कार्पेट. हॉलमध्ये बूट घालून लाकडी स्टेजवर जे अंगाला कळत नाही, ते मांडवात तळपायातून आरपार जातं. हे हसण्यावारी न्यायचं प्रकरण नव्हे. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीत लेस्ली हार्वी या गिटारवादकाने तारा हातात असताना माइक धरला आणि तो स्टेजवरच गेला. काकांना हे सांगितलं नाही. घाबरवून उपयोग नव्हता.

नवा सॉकेट बसवला. काळ्या वायरची टोपी काढून ती पॉटच्या पाठीवर जाड टोकाच्या सोल्डरगनने नीट बसवली. पॉटची पाठ उष्णता पिऊन टाकते, बारीक सोल्डरगनने तिथे ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोडच होतो. बीप वाजला, घूं गेली. बेस मात्र एक अट घालून परत दिला. मी मांडवात येईपर्यंत तो ॲम्पला लावायचा नाही.

काहीजण अशा वेळी ब्रिजच्या वायरमध्ये मोठा रेझिस्टर आणि कपॅसिटर घालून देतात, म्हणजे तारांमधून करंट फार येत नाही. मला ते पटत नाही. पट्टी उघडीच राहते, आणि वाजवणारा निर्धास्त होतो.

संध्याकाळी मीटर, एक दहा 'के'चा (दहा हजार ओहमचा) जाडा वायरवाउंड रेझिस्टर आणि होल्डरमध्ये लावलेला चाळीस वॉटचा बल्ब घेऊन मांडवात गेलो. काकांचा ॲम्प स्टेजच्या कडेला, लाइन डेकोरेशनच्या बोर्डावरून घेतलेली. थ्री पिन प्लगची वरची जाडी, अर्थिंगची पिन मुळापासून उडवलेली. ॲम्पची चासी आणि गायिकेच्या माइकची जाळी यांच्यामध्ये मीटर लावला: एसी ११० व्होल्टच्या आसपास. आजकालच्या ॲम्पमध्ये स्विचिंग सप्लाय असतो. त्याच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून चासीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग तुटलं की चासी २३० च्या अधेमधे कुठेतरी लोंबकळत राहते. त्यामागे दम किती ते पाहायला मीटरच्या दोन टोकांमध्ये रेझिस्टर घातला. आकडा दोनच्या खाली आला. म्हणजे गळती बारीक होती, फेज थेट चासीला टेकलेली नव्हती. हायसं वाटलं. आकडा हलला नसता तर मी ॲम्प तिथेच बंद करून खाली उतरवला असता.

मग बोर्ड. फेज आणि अर्थच्या भोकात बल्ब लावला, पेटला नाही. हिरवी वायर शोधत मेन बोर्डाच्या मागे गेलो, तर ती वाशाला ठोकलेल्या एका खिळ्याला गुंडाळलेली. अर्थिंग केलंय म्हणून दाखवायला! मांडवाचा वायरमन म्हणाला, "लायटिंगला कशाला लागतं अर्थिंग?" लोखंडी कमान पावसात उभी, तिच्यावर लाइटच्या माळा, आणि हा प्रश्न.

साउंडवाल्याचं काम मात्र चोख होतं. त्याचा स्वतःचा जनरेटर, जमिनीत ठोकलेला रॉड, ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. माइक त्याच्या मिक्सरवरून अर्थला आणि बेसचा ॲम्प खिळ्यावर. काकांचे ओठ या दोघांच्या मध्ये. ॲम्पला नवा प्लग लावला, साउंडवाल्याच्या बोर्डावरून लाइन ओढली, कीबोर्डही तिकडेच घेतला. पुन्हा मीटर लावला: तारा ते माइक, जवळपास शून्य. काकांनी आधी हाताची पालथी बाजू माइकला टेकवून पाहिली, मग ओठ. आणि खालच्या 'ई'वर एक लांबलचक सूर सोडला. साउंडवाल्याने मान वर केली आणि फेडर आपणहून वर सरकवला.

"पैसे जमले की वायरलेस घ्या, काका," मी म्हटलं. वेगवेगळ्या मांडवांत वाजवणाऱ्याला तो खर्च परवडतो. बेस आणि ॲम्प यांच्यात वायरच नसली की ॲम्पवरचं काही अंगापर्यंत येत नाही. "पुढच्या वर्षी बघू," काका म्हणाले.

कमानीच्या लाइनवर ईएलसीबी आणि खाली खरा रॉड हवा, हे वायरमनला पटलं. खर्च कुणाचा, यावर तो आणि मंडळाचे खजिनदार स्टेजमागे भांडत उभे होते. मी सॉकेटचे आणि मजुरीचे पैसे घेतले आणि दुकानात परतलो. एक ऑक्टोपॅड अजून उघडाच पडला होता.