वजन भरलं, उंचीचं काय?

"बापावर गेलंय ते. ह्याचा आजाबी ठेंगणाच हाय की." पोराची उंची वयाच्या मानाने कमी पडतेय असं सांगितलं, की बहुतेक घरांत हेच ऐकायला मिळतं. मी बीड जिल्ह्यात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. एका आजीला मी विचारलं, आजोबांचा जन्म कधीचा? म्हणाली, ७२च्या दुष्काळात रांगत होते. मग दुष्काळात वाटलेल्या सुकडीवर वाढलेल्या माणसाची उंची रक्तातली की पोटातली, हे कसं ठरवायचं?

रक्ताचा वाटा असतोच, नाही कसा. पण पहिल्या पाच वर्षांत तो लोक समजतात त्याच्यापेक्षा फारच कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली वाढीचे तक्ते काढले, ते सहा देशांतली मुलं मोजून: ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. आपली मुलं दिल्लीची होती. आईचं दूध, पुरेसं खाणं, स्वच्छ घर मिळालेली ही मुलं नॉर्वेची असोत की दिल्लीची, उंचीला जवळपास सारखीच भरली. त्या तक्त्याप्रमाणे दोन वर्षांची मुलगी झोपवून मोजल्यावर ८० सेंटिमीटरच्या खाली असेल तर ती खुजी धरायची. तीन वर्षांची, उभी करून, ८७.४च्या खाली. मुलग्यांचे आकडे दीडएक सेंटिमीटरने जास्त.

आता मोजणं. वजनाला काही लागत नाही, काट्यावर ठेवलं की झालं. उंचीला दोन माणसं लागतात. दोन वर्षांखालचं लेकरू फळीवर आडवं करायचं, एकीने डोकं वरच्या पट्टीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे दाबून तळवे खालच्या पट्टीला लावायचे, आणि तोवर त्याने आभाळ डोक्यावर घेतलेलं असतं. गुडघा जरा वाकला की गेला सेंटिमीटर. मोठ्या मुलींची वेगळीच तऱ्हा: आईने हौसेने डोक्यावर मधोमध शेंडी बांधलेली असते, रबरबँड, त्यावर प्लॅस्टिकचं फूल. पट्टी त्या फुलावर टेकते आणि पोरगी कागदावर दोन सेंटिमीटरने वाढते. मी सेविकांना सांगून ठेवलंय, आधी केस सोडा, मग आकडा लिहा. आया रागावतात, रागावू देत.

एवढं मागे लागण्याचं कारण असं की सॅम-मॅमची, म्हणजे अतितीव्र आणि मध्यम कुपोषित मुलांची, यादी उंचीच्या मानाने वजन बघून होते. ज्याची उंचीच खुंटली आणि वजनही त्या उंचीला साजेसं आहे, ते पोर त्या यादीत येतच नाही. दिसायलाही गुटगुटीत. आई खूश, आम्हीही खूश. आजारपणात उतरलेलं वजन महिन्या-दोन महिन्यांत भरून काढता येतं, आम्ही काढलेलं आहे. पहिल्या दोन वर्षांत गेलेली उंची मात्र सहसा हाती लागत नाही.

आमच्याकडे हे सगळं सुरू कुठून होतं म्हणाल तर लग्नापासून. ऊसतोडीला कोयता म्हणजे जोडी, नवरा-बायको. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीला मिळते, एकट्याला अर्धा कोयता धरतात. आईबाप सहा महिने फडावर, वयात आलेली पोरगी गावाकडे ठेवायची कुणाच्या भरवशावर? उरकून टाकतात. मग सतरा-अठराव्या वर्षी, स्वतःचीच वाढ पुरती न झालेली, रक्त कमी असलेली पोर बाळंत होते. आईची उंची १४५ सेंटिमीटरच्या आत, बाळाचं वजन अडीच किलोच्या आत आणि पाठीवर दीड वर्षात दुसरं, एवढं कार्डावर दिसलं की मी त्या घरावर खूण करून ठेवते.

सहा महिन्यांपर्यंत दुधावर बाळ बरं असतं. घसरगुंडी पुढे लागते. "दात नाहीत, खाईल काय?" म्हणून नऊ-दहा महिन्यांपर्यंत वरणाच्या वरचं पाणी. नंतर एकदम चहात बुडवलेलं बिस्किट. पोषण आहाराची सरकारी पाकिटं घरी जातात खरी, पण ती लेकराच्या तोंडात किती आणि दावणीत किती, हे मी लिहायला नको. परसात कोंबडी असते, तिची अंडी बाजारात जातात.

आणि नेमकं ह्याच वयात, दसरा-दिवाळीनंतर, बिऱ्हाड निघतं. आई पहाटे अंधारात फडात, लेकरू बांधावर नाहीतर खोपीत चार-पाच वर्षांच्या बहिणीच्या हवाली. पाणी कुठल्या तरी विहिरीचं, शौच उघड्यावर. जुलाब थांबतात, आठवड्याने पुन्हा लागतात. दर खेपेला जेवण तुटतं, आतडं खाल्लेल्यातलं अंगी लागू देत नाही, आणि वाढ तेवढे दिवस थांबते. पाडव्याच्या सुमारास परत आलेलं पोर मोजावं, तर कधीकधी उंची जेमतेम सरकलेली असते.

राज्य म्हणून बघायचं तर २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं खुजी होती, २०१९-२१ला ३५.२. देशाचा आकडा ह्याच काळात ३८.४वरून ३५.५वर उतरला. एवढं श्रीमंत राज्य, आणि आपण जागच्या जागी.

यंदा मी एक ठरवलंय. कारखाने सुरू व्हायच्या आत जाणाऱ्या प्रत्येक घरातल्या तीन वर्षांखालच्या पोराची उंची माता-बाल कार्डावर पेनाने ठळक लिहून द्यायची, सोबत ओआरएसची पुडकी आणि झिंकच्या चौदा दिवसांच्या गोळ्या. अंड्यांचंही सांगणार, ऐकतील तितक्या ऐकतील. माझी अडचण पुढची आहे: तिकडे जाऊन मोजणार कोण? सांगली, सातारा, कोल्हापूरकडे कारखान्याच्या गावात कुणी सेविका किंवा आशाताई ओळखीच्या असतील तर मला जरूर कळवा. आमच्याकडची बिऱ्हाडं कोणत्या कारखान्याला जाणार, त्याची यादी मी तोडीला टोळ्या नेणाऱ्या मुकादमांकडून घ्यायला लागलेय.