उंबराचं पुस्तक: केंबराचं माप अखेर मुलांपर्यंत पोचलं

उंबर आणि त्याच्या फळात वाढणारा चिमुकला कीटक, केंबरू, यांच्यावर मी मुलांसाठी चित्रपुस्तक करतेय. शनिवारी तिसरीच्या वर्गात त्याची नवीन डमी (छपाईआधीची नमुना प्रत) वाचली आणि घरी येऊन लगेच लिहायला बसले, कारण पान ८-९ अखेर चाललं! केंबराचं खरं माप मुलांना कळावं म्हणून चित्राशेजारी रुपयाचं नाणं काढा, असं मागच्या अपडेटवर ज्यांनी सुचवलं त्यांना आधी थँक्यू, पण नाणं नाही चाललं, का ते सांगते.

८-९ वर केंबराची मादी अख्खं पान भरून आहे. मुलांना ते चित्र सगळ्यात जास्त आवडतं आणि तिथेच गाडी अडते. "ताई, ही चावली तर माणूस मरतो का?" खरी मादी जेमतेम दोन मिलिमीटरची, डंख वगैरे काही नाही. पण ती कबुतराएवढी वाटली की पुढचं सगळंच कोसळतं, उंबराच्या तोंडातून आत घुसताना तिचे पंख का तुटतात, एका फळातून शेकडो कशा बाहेर पडतात, काहीच पटत नाही. माहितीच्या चित्रपुस्तकात माप हीसुद्धा माहितीच असते, हे माझं ठाम मत आहे.

भिंगाचा गोल काढला तर मुलांना तो फुगा वाटला. चित्र किती पट मोठं ते आकड्यात लिहिलं, ते वाचून सगळे पुढे गेले. नाण्याची गंमत अशी की ७ वर उंबराचा उभा छेद पाचपट मोठा आहे, मग नाणंही पाचपट काढायचं का? आणि पान उलटलं की पट बदलते, सातवरचं केंबरू आणि आठवरचं केंबरू एकच आहे हेच कळत नाही.

आता काय केलं, तर प्रत्येक पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, अगदी त्याच जागी, खऱ्या मापाचं एक उंबर आणि त्याच्या शेजारी खऱ्या मापाचं केंबरू, म्हणजे ०.१ च्या पेनाने काढलेला एक काळपट ठिपका आणि दोन बारीक रेघा. बास. शनिवारी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने बोट ओलं करून तो ठिपका पुसायला घेतला, तिला वाटलं घाण लागलीय, मग तिने मोठ्या चित्राकडे बघितलं, परत ठिपक्याकडे, आणि ओरडली, "अगं ही तीच आहे!" त्यानंतर प्रत्येक पानावर सगळे आधी कोपरा शोधत होते!

नरांचं पानही जमलंय. बिनपंखी, पिवळसर नर आतून बोगदा पोखरतात आणि माद्या परागकण घेऊन त्यातून निघतात, तिथे गॉशने (अपारदर्शक जलरंगाने) वरून दिलेला फिकट पिवळा मस्त उठला, नुसत्या वॉटरकलरने ते होत नव्हतं. कागद ३०० जीएसएम कॉटनच घ्या, साधा कागद पातळ रंगाच्या तिसऱ्या हाताला (वॉशला) सोलवटतो. लॅमिनेशन मॅटच, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि मागच्या बाकांना काहीच दिसत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानाने पिकल्या उंबराचा लाल चक्क गुलाबी छापून दिला, "स्क्रीनवर तसाच आहे मॅडम" म्हणे, आता प्रूफ (छपाईचा नमुना) बघितल्याशिवाय पुढची ऑर्डर नाही.

पुढे फ्लॅप (उघडून बघायच्या कागदी झडपा) करायचे ठरले होते, पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचतंय. ठिपका छापण्याऐवजी दाभणाने भोकच पाडलं तर? केंबराच्या जाडीएवढं, सगळ्या पानांतून आरपार, त्याच जागी. ९ वर ते उंबराचं तोंड, १४ वर नरांनी पोखरलेली वाट, आणि मुलं पान उजेडाकडे धरून त्यातून बघतील. मग १४ ची मांडणी बदलावी लागेल, नरांना डावीकडे सरकवायला हवं, पण चालेल. फ्लॅप रद्दच, तसेही ते दोन वाचनांत फाटतात.

सोबत खरी उंबरं नेणारच आहे, नदीपात्रालगतच्या झाडाखाली सडा पडलाय. बाईंनी परिसर अभ्यासाचा तास दिलाय, फोडायची मात्र पटांगणात.

कोणी मॅट लॅमिनेशननंतर कागदाला भोक पाडलंय का? कडा उचकटतात की आधी भोक पाडून मग लॅमिनेट करायचं? दाभण कितीचं वापरता तेही सांगा, बुधवारपर्यंत कळलं तर बरं, गुरुवारी बाइंडिंगवाल्याकडे जायचंय.